विनापाश

रविवारच्या पुरवणीत वधूवरांच्या रकान्यांमध्ये 'पुनर्विवाह' असा एक वेगळा चौकोन असतो. मी आधी तो वाचते. पैसे ओळींवर मोजायचे असल्यामुळे माणूस सारे आयुष्य पंधरा-वीस शब्दांत बसवतो. वय, उंची, नोकरी, स्वतःचा फ्लॅट आणि मग तो एक शब्द, विनापाश. विधुर, विनापाश. घटस्फोटिता, विनापाश. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की मूलबाळ नाही. पण पाश म्हणजे फास, आणि ज्याचा एक संसार मोडला किंवा सरणावर गेला, तो फासातून मोकळा झाला असे कोण म्हणेल? त्याच्या कपाटात कुणाची तरी घडी न मोडलेली साडी असते. दार आपटल्याचा आवाज झाला की एखादीच्या छातीत अजून धस्स होते. चहात साखर किती, हे सांगताना कुणाला जुन्या घरातले प्रमाण आठवते आणि ती गप्प होते. यातले काही जाहिरातीत मावत नाही. मावले असते तरी कुणी लिहिले नसते, कारण दुसऱ्यांदा दार उघडायला निघालेल्या माणसाला पहिली भीती असते ती आपण उघडे पडू याची.

हे पुस्तक अशा माणसांविषयी आहे. मी त्यांना मिटलेली माणसे म्हणते. जखम भरली की नाही हे त्यांनाही ठाऊक नसते. पण खपली कुणी काढू नये म्हणून हात कायम तिथे असतो. हात तिथे गुंतलेला, म्हणून तो दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. अशी दोन माणसे एका छपराखाली आली तर काय होते, त्यांच्यात प्रीत जमते का, आणि जमली तर ती दिसते कशी, एवढाच माझा प्रश्न. उत्तरे शोधायला मी मराठी आत्मकथनांकडे आणि एका कादंबरीकडे गेले. त्याआधी मात्र हा प्रश्न मला जिथे भेटला ते घर सांगायला हवे.

माझी आजी, आम्ही तिला माई म्हणत असू, बिजवराला दिलेली होती. तिचे ठरलेले पहिले स्थळ लग्नाला पंधरा दिवस उरले असताना पटकीने गेले आणि ती पांढऱ्या पायाची ठरली. मग अशा मुलीला जे मिळे ते मिळाले, बारा वर्षांनी मोठा विधुर. माईच्या गळ्यात मंगळसूत्राच्या खाली काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एक टाक असे. त्यावर एक बाई कोरलेली, उभी, दोन्ही हात समोर धरलेली. सवतीचा टाक. जुन्या घरांमध्ये दुसरेपणावर आलेली बाई तो घालत असे, पहिलीने नव्या संसाराला दृष्ट लावू नये म्हणून. मला लहानपणी त्याची भीती वाटे. 'ही कोण?' असे विचारले तेव्हा माई म्हणाली, 'ती थोरली. ती आधीपासून इथे राहते.' पुरणपोळीच्या दिवशी माई तुपाचे बोट आधी टाकाला लावायची, मग पाने वाढायची.

पुष्कळ वर्षांनी, मी स्वतः चाळिशीत आले तेव्हा, माईने मला सांगितले की लग्नानंतर जवळजवळ दोन वर्षे आजोबा तिच्याशी घरखर्चाखेरीज काही बोलले नव्हते. तिनेही काही विचारले नव्हते. तिला वाटे, या माणसाने आपल्याला दयेने करून घेतले. आजोबांना वाटे, हिला आपण नशिबाने पदरात पडलो. मग एका पावसाळ्यात, माजघराच्या उंबऱ्याशी उभे राहून, त्यांनी विचारले, 'तुला इथे झोप लागते का?' माईने तो उंबरा, ती वेळ, बाहेर गळणाऱ्या पागोळ्या, सगळे सांगितले. आपण काय उत्तर दिले ते मात्र सांगितले नाही. मला ते विचारावेसेही वाटले नाही. त्या प्रश्नात जे होते ते मला दुसऱ्या कुठल्या प्रेमकथेत सापडलेले नाही.

तेव्हापासून मी असे प्रश्न शोधत वाचते. आणि अशा वाचनात एक जोडी अशी भेटली की जिच्याभोवती हे सारे पुस्तक उभे राहिले: धोंडो केशव कर्वे आणि गोदूबाई, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाई, ज्यांना सगळे बाया म्हणत. या दोघांचे 1893 सालचे लग्न आपण शाळेत शिकतो ते सुधारणेचा धडा म्हणून. एका प्राध्यापकाने विधवेशी लग्न केले, गावाने वाळीत टाकले, त्याने आश्रम काढला, विद्यापीठ काढले, भारतरत्न झाला. हे सारे खरे आहे. पण त्या धड्यात दोघांपैकी कुणालाही दुखत नाही. मला ते दुखणे शोधायचे होते. त्यासाठी कर्व्यांचे 'आत्मवृत्त' (1915) आणि आनंदीबाईंचे 'माझे पुराण' (1944) ही दोन पुस्तके मी शेजारी शेजारी ठेवून वाचली, एकाचे पान उलटले की दुसऱ्याचे. वाचकांनीही तसेच वाचावे असे मी आग्रहाने सांगेन. एकेकटी वाचली तर ती दोन आयुष्ये वाटतात. जोडीने वाचली की मधली जागा दिसू लागते.

गोदूबाई देवरूखच्या जोश्यांच्या. आठव्या-नवव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच नवरा गेला. नवरा म्हणजे काय हे कळायच्या आत त्या विधवा झाल्या आणि पुढची दीड दशके विधवा म्हणूनच वाढल्या. ब्राह्मण घरातल्या विधवेचे आयुष्य आज नुसत्या कल्पनेने कळणार नाही. एकवेळचे जेवण, आलवण, केशवपन, शुभकार्यात मागच्या दारी. यातले काही नवऱ्याच्या आठवणीसाठी नव्हते, कारण आठवण असायला नवरा ओळखीचा तरी हवा. त्या मुलीला एक गोष्ट अगदी पक्की शिकवली जाई: आपल्याला काही हवे आहे असे कधीही दिसू द्यायचे नाही. भूक दिसू द्यायची नाही, राग दिसू द्यायचा नाही, आवड तर नाहीच. सोवळे हा शब्द आपण अंगावरच्या वस्त्राला लावतो. मला वाटते त्या बायकांचे खरे सोवळे मनाला असे.

कर्वे मुरूडचे. त्यांचे मिटलेपण वेगळ्या घडणीचे होते. ते उपजत लाजाळू होते आणि त्या लाजाळूपणाविषयी त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. चारचौघांत बोलताना जीभ अडखळणारा, स्वतःसाठी काही मागताना संकोचून जाणारा हा माणूस. सतराव्या वर्षी एका सरकारी परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत घाट ओलांडून चालत गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. ही गोष्ट जिद्दीचा नमुना म्हणून सांगतात. मला तिच्यात तो परतीचा रस्ता दिसतो. इतके चालून गेल्यावर नकार मिळालेला, आणि त्याबद्दल कुणाशी तक्रार न करता परत चालू लागलेला मुलगा. अशा माणसाला दुःख गिळण्याची सवय लवकर लागते.

त्यांचे पहिले लग्न राधाबाईंशी, त्या आठ वर्षांच्या असताना झालेले. मुंबईत पहाटेपासून शिकवण्या करत, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पायी जात त्यांनी संसार उभा केला. 1891 साली राधाबाई गेल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा. हाच मुलगा पुढे संततिनियमनाचा ध्यास घेऊन 'समाजस्वास्थ्य' काढणारा र. धों. कर्वे. त्याच वर्षाच्या अखेरीस गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. बायको गेली, गाव सुटले, शहर बदलले, हे सारे एका वर्षात. रोज वर्गात उभे राहून ते गणित सोडवत राहिले.

इथे एक बारकावा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. गोदूबाईंचे भाऊ नरहरपंत जोशी हे कर्व्यांचे मित्र, आणि मुंबईत दोघांचे बिऱ्हाड एकत्र होते. गोदूबाई सासर सोडून मुंबईला आल्या त्या भावाच्या या बिऱ्हाडी. म्हणजे राधाबाई त्यांच्या परिचयाच्या होत्या. ज्या घरात पुढे त्या दुसरेपणावर गेल्या, त्या घराची पहिली बाई त्यांनी पाहिलेली होती, तिच्या हाताशी वावरल्या होत्या. माईच्या थोरलीला फक्त चांदीत कोरलेला चेहरा होता. गोदूबाईंना त्या चेहऱ्याचा आवाज ठाऊक होता. हे कळल्यावर मला ते लग्न निराळेच दिसू लागले. दोघांच्या मनात एकाच गेलेल्या बाईची आठवण होती, आणि त्यामुळे तिच्याविषयी काही लपवण्याची गरज नव्हती. मिटलेल्या माणसांना सगळ्यात जास्त दमवते ते लपवणे.

पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि गोदूबाई तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी, विधवांमध्ये पहिल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हलले. विशी उलटलेली बाई पाटी घेऊन बसली. त्या चार वर्षांचे महत्त्व मला फार वाटते. तिथे तिला लग्नाआधी स्वतःचा एक कोपरा मिळाला, अक्षर मिळाले, आणि विधवेशी बोलताना खाली न पाहणारी एक बाई मिळाली, जी स्वतःही विधवा होती. जिचे आधीच थोडे फार भरून आले आहे तीच दुसऱ्याच्या घरात पाहुणी न होता जाऊ शकते. कर्व्यांनी गोदूबाईंना तारले, ही मांडणी मला म्हणूनच मान्य नाही. त्या तरून आलेल्याच होत्या.

कर्व्यांचा निश्चय साधा होता: पस्तिशीच्या विधुराने कुमारिकेशी लग्न करायचे नाही, करायचे तर विधवेशी. आज यात विशेष वाटत नाही. त्या काळी त्याच पुण्यात काय होत होते ते आठवावे. विसेक वर्षांपूर्वी, 1873 मध्ये, महादेव गोविंद रानड्यांची पहिली पत्नी गेली. विधवाविवाहाच्या बाजूने लढणारा तो एकतीस वर्षांचा न्यायाधीश वडिलांच्या आग्रहापुढे नमला आणि अकरा वर्षांच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. ती मुलगी म्हणजे रमाबाई रानडे. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचे पुस्तक मराठीतले एक अत्यंत हृद्य पुस्तक आहे, आणि त्या दोघांत प्रेम नव्हते असे मी मुळीच म्हणणार नाही. पण तिथे दुखावलेला एकच होता. दुसरी बाजू लहान मूल होती. रानड्यांचे दुःख रमाबाईंनी वाढत वाढत समजून घेतले. बरोबरीने ते त्यांना कधी दिसलेच नाही. कर्वे आणि गोदूबाई एकमेकांसमोर आले ते आपापले ओझे घेऊन, दोघेही जाणते. या पुस्तकातला सगळ्यात मोठा लेख या फरकावर आहे.

प्रस्ताव कसा गेला? मध्यस्थाकडून. गोदूबाईंचे वडील बाळकृष्णपंत यांच्याशी कर्व्यांचे बोलणे झाले आणि वडिलांनी मुलीला विचारले. पारंपरिक घरातल्या एका कोकणी बापाने आपल्या विधवा मुलीला 'तुझी इच्छा आहे का' असे विचारणे ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट, ते वेगळे सांगायला नको. जिला आठव्या वर्षी कुणी विचारले नव्हते, तिला आता विचारले गेले, आणि ती हो म्हणाली. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात लग्न झाले. शारदा सदन उघडले त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. गोदूबाईंचे नाव आनंदी ठेवले गेले.

पुढचा भाग माहितीचा आहे, म्हणून थोडक्यात. नवे जोडपे मुरूडला गेले तेव्हा गावाने सभा घेऊन बहिष्कार घातला. घरच्यांनी त्यांना घरात घेतले तर घरावरही बहिष्कार. ज्या गावासाठी कर्व्यांनी फंड उभारला होता तेच हे गाव. एका आईला आपल्या मुलाला घरात बोलावता येईना. विधवाविवाहाला 1856 च्या कायद्याने मान्यता मिळून तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती, मुंबईत 1869 मध्ये पहिला गाजलेला पुनर्विवाह झाला होता, 1870 मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर त्यावर शास्त्रार्थही झाला होता. कायदा होता, दार नव्हते.

आणि इथे मला वाचकाला जरा थांबवून एक गोष्ट सांगायची आहे, कारण आपण पांढरपेशे लोक ती सोयीने विसरतो. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जातींमध्ये विधवेचे लग्न कधीच बंद नव्हते. पाट होता, मोहतूर होता. नवरा मेला, सोडून गेला, काडीमोड झाली, तरी बाईला दुसरे घर मिळे. मात्र त्याला लग्नाचा मान नसे. पाट रात्री लागे, मोजक्या माणसांत, वाजंत्र्यांशिवाय. लग्न न झालेल्या मुलाला विधवेशी पाट लावायचा तर आधी रुईच्या झाडाशी त्याचे लग्न लावीत. 'लग्नाची' आणि 'पाटाची' हा फरक बाईला जन्मभर ऐकावा लागे. तरीही तिथे दुसऱ्या संसाराला एक सवयीची वाट होती. मार खाल्लेली बाई आणि मूल सांभाळू न शकणारा विधुर एकमेकांचे चूल-पाणी करत करत जवळ येत, आणि कुणी त्याला क्रांती म्हणत नसे. या संसारांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. ओव्या गायल्या असतील, पण त्या कुणी या नजरेने जमवल्या नाहीत. या पुस्तकात ती बाजू अपुरी आहे याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता मूळ गोष्टीकडे. कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. प्लेगामुळे तो 1900 मध्ये पुण्याबाहेर हिंगण्याला, एका झोपडीत गेला. सनातनी मंडळींनी आपल्या विधवा मुली तिथे धाडाव्यात म्हणून आश्रमाचा पुनर्विवाहाशी संबंध नाही असे दाखवणे भाग होते. याचा अर्थ असा झाला की आश्रमाच्या संस्थापकाची पुनर्विवाहित बायकोच आश्रमापासून दूर ठेवली गेली. तिची सख्खी धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विधवाच राहिली, म्हणून ती आश्रमाची आधारस्तंभ झाली, त्यासाठी वर्गणी मागत अमेरिकेपर्यंत जाऊन आली, आणि थोर झाली. एक बहीण आत, एक बाहेर. आनंदीबाई मुलांना घेऊन पुण्यात. कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवून संध्याकाळी चार मैल चिखल तुडवत हिंगण्याला जात आणि सकाळी परत येत.

याच काळातला पॉलिसीचा प्रसंग. घरच्यांसाठी उतरवलेल्या आयुर्विम्याची पॉलिसी कर्व्यांनी आश्रमाला देऊन टाकली. आनंदीबाई दुखावल्या, चिडल्या, रडल्या. चरित्रकार हा प्रसंग कर्व्यांच्या त्यागासाठी सांगतात. नाटककार वसंत कानेटकरांनी 'हिमालयाची सावली' या नाटकात या जोडीवरून नानासाहेब भानू आणि बयो ही पात्रे रंगवली तेव्हा प्रेक्षकांची सहानुभूती बयोच्या बाजूने वळली, आणि ते योग्यच झाले. श्रीराम लागू आणि शांता जोग यांना त्या भूमिकांत ज्यांनी पाहिले ते अजून त्याविषयी बोलतात. पण मला या प्रसंगात आणखी काही दिसते, आणि हे सारे पुस्तक त्या एका दिसण्यावर उभे आहे.

आनंदीबाई रागावल्या. जिला वर्षानुवर्षे शिकवले होते की तुला काही हवे असे दिसू द्यायचे नाही, ती बाई नवऱ्याच्या तोंडावर म्हणाली की हे माझ्या मुलांचे होते, हे माझे होते, मला न विचारता तुम्ही ते दिलेत कसे. रागवायला हक्क लागतो. आपण चिडलो तरी आपल्याला कुणी घराबाहेर काढणार नाही हा भरवसा लागतो. आश्रिताला तो नसतो, उपकारात राहणारी बाई कधी रुसत नाही. सासरी दीर-जावांच्या राज्यात गोदूबाईंनी असा राग कुणावर काढला असता? त्या रागात मला त्यांची बरी झालेली जखम दिसते. एका विधवेला नवरा मिळाला ते लग्नाच्या दिवशी. तिला भांडण करता येईल असे माणूस मिळाले ते याच काळात कधीतरी. कर्वे चुकले होते असे माझे स्पष्ट मत आहे. घरातल्या बाईला न विचारता तिच्या म्हातारपणाची पुंजी दान करणे हा अन्याय होता, ते दान कितीही मोठ्या कामाला गेलेले असो. पण त्यांनी तिला गप्प बसवले नाही, हेही खरे. ती बोलली, भांडली, रुसली, आणि राहिली. पुढे तिनेच या संस्थांसाठी पदर खोचून वर्गणी गोळा केली, स्वतःच्या हिमतीवर, स्वतःच्या पद्धतीने. बहिष्कार सोसलेली, आश्रमाच्या बाहेर ठेवलेली बाई आश्रमासाठी लोकांच्या दारात उभी राहिली.

आणि कर्वे? ते कसे उघडले? हे सांगणे अवघड आहे, कारण या माणसाने आपले प्रेम कामात इतके मुरवले की ते वेगळे काढता येत नाही. पण एक निरीक्षण नोंदवते. राधाबाई जिवंत असताना कर्वे शिकवण्यांच्या मागे होते. बायकोसाठी वेळ असा नव्हताच. पुढचे त्यांचे सारे आयुष्य बायकांनी शिकावे, त्यांना स्वतःच्या पायावर उभे राहता यावे यासाठी गेले. ज्या माणसाला एका बाईला काही द्यायचे राहून गेले, त्याने ते हजारोंना दिले. हा माझा तर्क आहे, आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा. पण विधुराच्या मनात जे राहून गेलेले असते त्याचा जोर मी माझ्या आजोबांमध्ये पाहिला आहे. थोरलीला कधी देव दाखवायला नेले नाही म्हणून ते माईला दर वर्षी पंढरपूरला नेत. माईला ते कळे. ती जाई.

या जोडीसमोर मी मुद्दाम एक काल्पनिक जोडी ठेवली आहे: विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' (1939) मधले चक्रधर आणि हॅर्टा. युरोपातून निघालेल्या बोटीवर भेटलेली दोन माणसे. त्याचे प्रेम फसलेले, म्हणून बायकांवरचा विश्वास उडालेला. तिचा प्रियकर नाझींनी मारलेला, देशाने हाकललेली, ज्यू म्हणून कुठल्याही बंदरात पाय ठेवायची मुभा नसलेली. दोघेही इतकी मिटलेली की त्यांच्या जवळ येण्यात सुरुवातीला कोरडेपणाच जास्त आहे. बेडेकरांनी ते उघडणे ज्या हळुवारपणे दाखवले आहे त्याला मराठीत जोड नाही. पण त्यांच्याकडे काय नव्हते? मुदत नव्हती. मुंबई येते, तो उतरतो, तिला उतरता येत नाही. जखमी माणसांना प्रेम करता येत नाही असे ती कादंबरी म्हणत नाही. अशा प्रेमाला जमीन लागते, कागदपत्रे लागतात, परत परत येणाऱ्या सकाळी लागतात, आणि इतिहासाने त्या दोघांना त्या नाकारल्या, असे मी तिच्यातून वाचते. आनंदीबाई 1950 मध्ये गेल्या. म्हणजे त्यांना आणि कर्व्यांना सत्तावन्न वर्षे मिळाली. बोटीवरच्या दोघांना काही दिवस. दोन्ही प्रेमे खरी होती. पण बरे होण्याला किती वेळ लागतो हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने 'माझे पुराण' आणि 'रणांगण' एका आठवड्यात वाचावीत.

आजच्या जोडप्यांविषयीचे शेवटचे काही लेख मी नावे न घेता लिहिले आहेत. त्यातल्या एका बाईने मला सांगितले की दुसऱ्या नवऱ्याने पहिल्या आठवड्यात तिला घराची एक किल्ली दिली आणि म्हणाला, ही तुमची, कधी जावेसे वाटले तर मला सांगायची गरज नाही. पहिल्या घरात तिला कोंडून ठेवले जाई. ती किल्ली तिने अकरा वर्षांत एकदाही जाण्यासाठी वापरली नाही. आणखी एका गृहस्थांनी सांगितले की पहिल्या पत्नीच्या श्राद्धाला दुसरीने न सांगता अळूचे फदफदे केले, कारण मुलीकडून तिला कळले होते की ते पहिलीला आवडे. जेवताना कुणी काही बोलले नाही. ते म्हणाले, त्या दिवशी मला पहिल्यांदा रडू आले, चार वर्षांनी. या लेखांत कुणी कुणाला 'मी तुझ्यावर प्रेम करतो' असे म्हणत नाही. मी ते वाक्य शोधलेही नाही.

वाचकांना एकच विनंती. या माणसांना 'सावरलेली' म्हणायची घाई करू नका. सावरणे हे पदर सावरण्यासारखे आहे, पुन्हा पुन्हा करावे लागते. यातल्या काही जोड्यांत शेवटपर्यंत काही खोल्या बंद राहिल्या आणि तरी ते घर नांदले. हे लिहिताना मला कुठेही त्या खोल्यांची कडी काढावीशी वाटली नाही.

आजोबा गेले त्या दिवशी रीत म्हणून बायकांनी माईचे मंगळसूत्र काढले. टाकाला हात लावला तेव्हा तिने तो मुठीत धरला आणि म्हणाली, हिला राहू द्या. पुढची एकोणीस वर्षे तो तिच्या गळ्यात होता. आता तो माझ्याकडे आहे. इतक्या वर्षांच्या तुपाने आणि अंगाच्या घासणीने त्यावरच्या बाईचे नाकडोळे पुसून गेले आहेत. समोर धरलेले दोन हात तेवढे अजून स्पष्ट दिसतात.